रापणीच्या व्हिडिओला संगीत शोधताना

तारकर्लीच्या रस्त्याला पावलोपावली होमस्टेच्या पाट्या लागतात आणि त्यातल्या बहुतेकांना दीड मिनिटाचा व्हिडिओ हवा असतो. समुद्र, माडबन, सोलकढीचा ग्लास, वरून ड्रोनने घेतलेलं कौलारू घर. शूटिंग दिवसात उरकतं, एडिटही फार वेळ खात नाही. घोडं अडतं ते संगीतावर. माझा धंदाच हा आहे. होमस्टेवाले, स्कूबावाले, आंबा बागायतदार, एप्रिल-मे महिन्यांत लग्नं, आणि मधेमधे हौसेचं एखादं काम. गेल्या मोसमात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायच्या मासेमारीवर, बावीस मिनिटांचा माहितीपट करायला घेतला, तेव्हा एवढ्या लांबीला संगीत आणायचं कुठून, हा प्रश्न मुळापासूनच सोडवावा म्हटलं. एडिटिंग शिकणारी पोरं मला सारखी हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी धंद्याच्या बाजूचं सांगते, कारण फुकटाचं संगीत किती महाग पडू शकतं ते तिथे कळतं. एका होमस्टेच्या काकींचा जुना व्हिडिओ त्यांच्या भाच्याने केला होता. मागे हिंदी सिनेमाचं गाजलेलं गाणं. यूट्यूबवर टाकल्यावर काही मिनिटांतच कंटेंट आयडीचा दावा आला. ही यंत्रणा 2007 पासून आहे. संगीत कंपन्यांनी दिलेल्या ध्वनिमुद्रणांशी ती प्रत्येक नवा व्हिडिओ ताडून पाहते, आणि नुसतं ध्वनिमुद्रणच नाही, चालही ओळखते. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. स्ट्राइक ही वेगळी आणि जड भानगड, हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जातो तेव्हाची. 90 दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. दाव्यात व्हिडिओ बहुतेक वेळा जागेवर राहतो, पण त्यावर जाहिरात दाखवायची आणि तिचे पैसे घ्यायचे हे गाण्याचा मालक ठरवतो. काकींच्या व्हिडिओआधी गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलची जाहिरात लागू लागली. म्हणजे पाहुणा आमच्याकडची खोली बघायला आला आणि त्याला रस्ता दाखवला गोव्याचा!

मी गाणं काढू या म्हटलं तर काकी म्हणाल्या, "गाणां नसात तर व्हिडिओ बघतलो कोण गो?" त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. लोक इन्स्टाग्रामवर गाणं ऐकूनच थांबतात. पण तिथेही मेख आहे. साध्या खात्याला जी गाण्यांची यादी दिसते, ती बिझनेस खात्याला सगळी मिळत नाही. धंदेवाल्यांसाठी मेटाचा स्वतःचा साउंड कलेक्शन नावाचा साठा आहे, तो फेसबुक आणि इन्स्टाग्रामपुरता. शिवाय गाजलेलं गाणं लावलेलं रील पैसे भरून बूस्ट करायला गेलात तर ते नाकारलं जातं. आणि तेच रील डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर, वेबसाइटवर, यूट्यूबवर फिरवलं, तर इन्स्टाग्रामची परवानगी तिथे सोबत येत नाही.

तर मग वैध आणि परवडणारं काय?

सगळ्यात पहिला दरवाजा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीचा. यूट्यूब स्टुडिओत डाव्या हाताला सापडते, पैसे लागत नाहीत, आणि श्रेय द्यावं लागणारे व न लागणारे ट्रॅक वेगळे करायची चाळणीही आहे. नवशिक्याने इथेच सुरुवात करावी. यूट्यूबबाहेरच्या वापराबद्दल मात्र यूट्यूब कायदेशीर सल्ला देत नाही, आणि माझं गिऱ्हाईक तर तोच व्हिडिओ हॉटेलच्या रिसेप्शनमधल्या टीव्हीवरही लावणार असतं.

दुसरा दरवाजा क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर आपलं काम सगळ्यांना वापरू देणाऱ्या तयार परवान्यांचा. केविन मॅक्लाउड या अमेरिकन संगीतकाराचं इनकॉम्पिटेक हे संकेतस्थळ यातलं सर्वांत ओळखीचं. त्याचे तुकडे नाव देण्याच्या अटीवर फुकट वापरता येतात, नाव द्यायचं नसेल तर पैसे भरून वेगळा परवाना घ्यायचा. संगीत चांगलं असतं, फक्त जगाने ते आधी ऐकलेलं असतं. शेजारच्या गावातल्या बेकरीच्या व्हिडिओला आणि तुमच्या माहितीपटाला एकच पियानो, हे चालत असेल तर घ्या.

क्रिएटिव्ह कॉमन्समधली अक्षरं नीट वाचावीत. बीवाय म्हणजे नाव द्या आणि वापरा. एनसी असेल तर धंद्यासाठी नाही, आणि होमस्टेचा प्रचार हा धंदाच. एनडी असेल तर बदल चालत नाही. इथे बरेच जण म्हणतात, मी ट्रॅकला कात्री लावलीच नाही, आहे तसा ठेवला. पण या परवान्यांच्या मजकुरातच लिहिलंय की हलत्या चित्राशी वेळ जुळवून संगीत लावलं की ते रूपांतर धरलं जातं. म्हणजे एनडीचं संगीत व्हिडिओला लावताच येत नाही. एसएचं वेगळंच त्रांगडं, तुमचा व्हिडिओसुद्धा त्याच मोकळ्या परवान्याखाली द्यावा लागतो. उद्या समोरचा होमस्टेवाला काकींचं अंगण स्वतःच्या जाहिरातीत वापरेल आणि आपल्याला काही बोलता येणार नाही. सीसी शून्य असेल तर कसलीच अट नाही.

पिक्साबेवरही संगीताचा मोठा साठा आहे, नाव देणंही बंधनकारक नाही. तिथले काही कलाकार आपले ट्रॅक कंटेंट आयडीत नोंदवतात, त्यामुळे फुकटच्या आणि पूर्ण वैध संगीतावरही दावा येऊ शकतो. अशा ट्रॅकपुढे तशी खूण असते आणि परवान्याचं प्रमाणपत्र डाउनलोड करता येतं. ते त्याच दिवशी उतरवून ठेवायचं. दाव्याला हरकत घेतली की समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, आणि तेवढे दिवस गिऱ्हाईक रोज फोन करतं. कागद हाताशी असला की निदान आपला आवाज तरी चढा राहतो. माझ्याकडे आता प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये 'परवाने' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात प्रमाणपत्र, ट्रॅकच्या पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि पैसे भरले असतील तर पावती.

आता पैसे भरून घ्यायचं संगीत. वर्गणीवाल्या साइट बऱ्याच आहेत. स्वीडनची एपिडेमिक साउंड आणि इस्रायलची आर्टलिस्ट ही दोन नावं एडिटरांच्या तोंडी जास्त असतात. दर्जा उत्तम, शोधायची सोय उत्तम. स्वर नको, फक्त वाद्यं हवीत, गती अमुक, लांबी तमुक, असं सगळं निवडता येतं. काही ठिकाणी ढोल वेगळा, तंतुवाद्य वेगळं, अशा सुट्या पट्ट्याही मिळतात. निवेदन सुरू झालं की वरची सुरावट काढून खालचा ठेका तेवढा चालू ठेवायचा, हे त्यामुळे जमतं.

पण मोठ्या अक्षरांतली किंमत बघून कार्ड काढू नये. 'महिन्याला इतके' असं लिहिलेलं असतं आणि पैसे घेतात वर्षाचे एकदम. दर डॉलरमध्ये असला तर बँकेचा परकी चलनाचा अधिभार लागतो, वर परदेशी डिजिटल सेवेवर 18 टक्के जीएसटी. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या पैशांच्या कपातीला आधी ग्राहकाची वेगळी संमती नोंदवावी लागते. त्यात काही अडकलं की वर्गणी मधेच बंद पडते, आणि बंद पडल्यावर काय होतं हे साइटगणिक बदलतं. साधारण रिवाज असा की वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेला व्हिडिओ पुढेही सुरक्षित राहतो, नंतर केलेल्या नव्या व्हिडिओला तोच ट्रॅक चालत नाही. पण माणसाने रिवाजावर न राहता करार वाचावा.

आणि खरी गोम इथेच आहे. स्वस्तातली वैयक्तिक वर्गणी असते ती तुमच्या स्वतःच्या चॅनेलसाठी. व्हिडिओ काकींच्या चॅनेलवर जाणार असेल तर तो गिऱ्हाइकाचा व्हिडिओ झाला, त्याला धंद्याची वर्गणी लागते आणि तिचा भाव वेगळा. महिन्याला दोन-तीन छोटी कामं असणाऱ्याला तो परवडत नाही. माझा हिशेब शेवटी असा बसला की छोट्या कामाला एकेक ट्रॅक सुटा विकत घ्यायचा, परवाना गिऱ्हाइकाच्या नावाने करायचा आणि ती रक्कम कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहायची. 'संगीत परवाना' अशी ओळ दिसली की लोक घासाघीस करतात खरी, पण एकदा गोव्याच्या हॉटेलची गोष्ट सांगितली की गप्प बसतात.

लग्नांचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवायला मोकळीक आहे, 2023 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने तशी जाहीर सूचनाही काढली. पण ती मांडवात वाजवण्यापुरती. लग्नाच्या व्हिडिओला ते गाणं चिकटवून यूट्यूबवर टाकायला नाही. आमच्याकडे वरातीत बेंजो पार्टी असते, ती सिनेमाचीच गाणी वाजवते, आणि चाल ओळखणारी यंत्रणा बेंजोवरची चालही पकडू शकते. म्हणून मी हल्ली सनई, मंगलाष्टकं आणि माणसांचा गलका जास्त रेकॉर्ड करते.

आता रापण.

किनाऱ्यावरून होडी जाळं घेऊन निघते, समुद्रात अर्धगोल मारून परत किनाऱ्याला लागते, आणि मग जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ओढायला लागतात. ओढणं तासन् तास चालतं. जाळं किनाऱ्याला लागलं की मासळीचे वाटे पडतात. या कामाला स्वतःची लय आहे. पाय वाळूत रुततात, कंबर मागे जाते, कोणीतरी आरोळी देतो, सगळे मिळून एक पाऊल मागे. ही लय मोडणार नाही असं संगीत मला हवं होतं.

लायब्ररीत 'बीच' टाकलं तर युकुलेले आणि शिट्टी. 'ट्रॉपिकल' टाकलं तर कॅरिबियन बेटांवरचे पत्र्याचे ढोल. 'इंडिया' टाकलं तर सतार, तबला, भांगडा आणि 'बॉलिवूड वेडिंग' नावाचे ढीगभर तुकडे. सतारीशी माझं भांडण नाही, पण मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर दोर ओढणाऱ्या माणसांमागे सतार लावली की ते पर्यटन खात्याच्या जाहिरातीतले नट वाटायला लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संगीताची ॲपंही पाहिली. 'कोकण' म्हटलं की बासरी आणि पाऊस. फुकटच्या खात्यात तयार केलेलं संगीत धंद्याला वापरायचं नाही अशी अट असू शकते, तेही बघून घ्यावं.

एका सरांनी सुचवलं, जुन्या तबकड्या वापर. कल्पना छान होती. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. म्हणजे 1964 पर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं 1 जानेवारी 2025 ला भारतात मोकळी झाली होती. पण ध्वनिमुद्रण मोकळं झालं म्हणून चाल आणि शब्द मोकळे होत नाहीत. ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत राखीव. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची. शिवाय व्हिडिओ अमेरिकेतही दिसतो आणि तिथल्या मुदती वेगळ्या. दोन्ही-तिन्ही अटींतून पार पडणारी आणि माझ्या चित्राला शोभणारी तबकडी शोधत बसायला मला वेळ नव्हता.

मग विचार केला, भजनाच्या डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याला, अख्खा सिंधुदुर्ग जागा राहतो, आणि मी पखवाज शोधते आहे स्टॉकहोममध्ये?

ओळखीतून कुडाळकडच्या एका बुवांकडे गेले. वय साठीच्या पुढे, पेटीवर हात पाण्यासारखा. काम सांगितलं, त्यांनी लगेच पेटी ओढली आणि एक गजर सुरू केला. अंगावर काटा आला, पण चाल ओळखीची वाटली. विचारलं, "बुवा, ही चाल तुमचीच?"

"नाय गो, ह्यां पिक्चरातलां. लोकांका आवाडता म्हणान घेतंय."

डबलबारीत हे सर्रास चालतं आणि समोरची बारीही तेच करते. माझ्या कामाला ते चालणार नव्हतं. दुसरी चाल त्यांच्या गुरूंची निघाली. गुरू जाऊन फार वर्षं झालेली नाहीत, तेव्हा हक्क वारसांकडे. बुवा म्हणाले, त्यांचा मुलगा नाही म्हणणार नाही. नसेलही म्हणत, पण त्याला शोधून सही घ्यायची तर तो मुंबईत. शेवटी मार्ग त्यांच्याच पखवाजवाल्याने काढला. हा पोरगा दिवसा मोटार गॅरेजमध्ये असतो. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला गाणं हवंय का? तुम्हाला ओढायला ठेका हवाय ना?" बरोबर होतं. भजनी ठेका कुणाच्या मालकीचा नाही. आठ मात्रांचा तो ठेका, झांज, आणि मधेमधे बुवांचा शब्दाविना आलाप तिथल्या तिथे सुचेल तसा. एवढं पुरेसं होतं.

रेकॉर्डिंग बुवांच्या पडवीत केलं. स्टुडिओचं भाडं वाचवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या पडवीचा आवाजही हवा होता. पंखा बंद, आतला फ्रिज बंद, शेजारणीला मिक्सर थोडा वेळ लावू नका म्हणून सांगून आले. कोंबड्यांना कोण सांगणार? पखवाजवाल्याने कणीक भिजवून घेतली आणि डाव्या पुडीवर मधोमध थापली. अंगठ्याने कडा दाबल्या, थाप मारली, मान हलवली, चिमूटभर कणीक काढली, पुन्हा थाप. आवाज खाली खाली जात एका जागी बसला आणि मग तो हसला. उजव्या बाजूची तऱ्हा उलटी. मे महिन्याची दमट हवा, कातडं सारखं उतरायचं. दर वाजवण्यानंतर तो छोट्या हातोडीने गट्टे ठोकून सूर वर आणायचा, आणि बुवांची पेटी वाट बघत बसायची. एक माइक पखवाजाच्या उजव्या तोंडापासून हातभर, दुसरा डावीकडे जरा लांब, आणि हातातला छोटा रेकॉर्डर पडवीच्या कोपऱ्यात, कौलांखाली घुमणारा आवाज धरायला. झांज माइकजवळ बसवली असती तर बाकी काही ऐकूच आलं नसतं, म्हणून झांजवाल्याला खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा केला. बुवांना हे काही पटलं नाही. पण हेडफोन कानाला लावून ऐकल्यावर म्हणाले, "बरां येताहा."

लॅपटॉपवर रापणीचं दृश्य लावून मी पखवाजवाल्याला दाखवत होते. माणसं मागे जातात त्या पावलावर त्याने सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, आणली. ती जागा कुठल्याच लायब्ररीत विकत मिळाली नसती.

पैशांचं मी आधीच बोलले होते. तिघांना मिळून सहा हजार, जेवण बुवांच्या घरी, त्याचे पैसे ते काही घेईनात. आणि कागद. कागदाचं नाव काढल्यावर सगळे जरा बावचळले, म्हणून तो मराठीत, एका पानात केला. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. कलम 30-अ मुळे परवान्यालाही हेच नियम लागतात. म्हणून 'संपूर्ण जगासाठी' आणि 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द घातले. कुठल्या रेकॉर्डिंगचा कागद आहे, पैसे किती, माहितीपटाबरोबर त्याचे छोटे तुकडे आणि जाहिरातही चालेल की नाही, नाव कसं लिहायचं, हे सगळं त्यात आलं. बुवांनी एकच प्रश्न विचारला, "म्हंजे उद्या मी ह्यांच दुसऱ्याक वाजवन् दिलंय तर चलात मा?" चालेल, मी हक्क एकटीसाठी घेतलेला नाही. फक्त एक अट घातली. हेच रेकॉर्डिंग त्यांनी एखाद्या वितरकामार्फत गाण्यांच्या ॲपवर टाकलं, तर कंटेंट आयडीच्या चौकटीत खूण करायची नाही, नाहीतर माझ्याच माहितीपटावर बुवांच्या नावाने दावा यायचा! पखवाजवाल्याच्या ते लगेच लक्षात आलं. बुवांना त्याने मालवणीत समजावलं आणि सह्या झाल्या.

उरलेली जागा समुद्राच्या आवाजानेच भरली. लाट, दोराचा करकर आवाज, रहाट, कौलांवरचा पाऊस, असे आवाज मी वर्षभर जमवत असते. किनाऱ्यावर माइकला केसाळ टोपी घातल्याशिवाय रेकॉर्डिंग करूच नये, वाऱ्यात सगळं फुकट जातं. आपल्याकडे नसलेला आवाज फ्रीसाउंडवर मिळतो. बार्सेलोनाच्या विद्यापीठातल्या मंडळींनी 2005 साली सुरू केलेला हा साठा आहे. तिथे प्रत्येक आवाजाचा परवाना वेगळा असतो, तेवढं बघायचं. माहितीपटाच्या शेवटच्या नावांखाली मात्र मी ऑडिओ लायब्ररीतलाच एक साधा तुकडा लावला, कारण पैसे संपले होते आणि तिथे कुणी कान देऊन ऐकत नाही.

पुढचं काम शिमग्यावर आहे. पालखीच्या ढोलांचं रेकॉर्डिंग करायचंय, आणि तिथे गाडी अडली आहे. ठेका जुना, त्याचा प्रश्न नाही. पण वाजवणारे पंधरावीस जण, ढोल गावाचे, पालखी देवस्थानची. कागदावर सही कुणाची घ्यायची? मानकरी म्हणतात देवस्थान समितीची, समितीतले म्हणतात गावाला विचारा, आणि वाजवणारी पोरं म्हणतात, सही आम्ही करतो, पण ढोलांना नवी कातडी घालून द्या. पोरांची अट मला सगळ्यात व्यवहारी वाटते. गावाची बैठक आहे, तिथे हे सगळ्यांसमोर मांडणार आहे.